निकेल: कानातलं, ताटातलं आणि फुप्फुसातलं

बेंबीच्या खाली दोन बोटांवर, जीन्सचं बटण जिथे पोटाला घासतं, तिथे एक खरखरीत चट्टा उठतो. रात्री खाज सुटते. माणूस त्याला गजकर्ण समजतो आणि मेडिकलमधून ट्यूब आणतो. या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर बहुतेक वेळा जोरकस स्टिरॉइडही असतं, त्यामुळे चट्टा आठवडाभरात बसतो. ट्यूब थांबवली की पुन्हा उगवतो. वर्षानुवर्षं हा खेळ चालतो, कातडी काळवंडते, पातळ होते आणि बटण मात्र जागच्या जागी असतं.

चट्टा बटणाच्या मापाचा असेल, किंवा घड्याळाच्या बक्कलाखाली, कानाच्या पाळीवर, मानेवर साखळीच्या रेघेत उठला असेल, तर बुरशीच्या आधी निकेलचा संशय घ्यावा. हा चांदीसारखा चकाकणारा, न गंजणारा आणि परवडणारा धातू रोजच्या वस्तूंत ठासून भरलेला आहे. बटणं, चेन, ब्राचे हुक, चष्म्याच्या फ्रेमा, किल्ल्या, सगळीकडे तो असतो. १९४७ चा आपला रुपया तर निव्वळ निकेलचा होता. आताची एक-दोन रुपयांची नाणी निकेल नसलेल्या स्टीलची आहेत, त्यामुळे खिशातली ही नाणी तरी निर्दोष म्हणायला हरकत नाही.

‘निकेल घातक आहे का?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कातडीवाटे, पोटावाटे आणि श्वासावाटे येणारं निकेल शरीराशी इतकं वेगवेगळं वागतं की त्यांना एकाच भीतीच्या पोत्यात भरण्यात अर्थ नाही. माझ्या मते आपल्याकडे भीती चुकीच्या जागी आहे. स्टीलच्या कढईबद्दल घाबरवणारे मेसेज घरोघरी फिरतात आणि प्लेटिंगच्या गाळ्यात दिवसभर उभ्या असणाऱ्या कामगाराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आधी कातडीचं बघू. धातू अंगाला नुसता टेकला म्हणून बिघडत नाही, घाम लागतो. घामातलं मीठ निकेलचा पृष्ठभाग हळूहळू खातं आणि विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, घामात उतरतात. कोकणात किंवा मुंबईत मे महिन्यात हा त्रास उफाळतो तो यामुळेच. हे आयन कातडीच्या वरच्या थरातून आत झिरपतात. एवढ्या लहान कणाकडे आपली प्रतिकारशक्ती एरवी ढुंकूनही पाहत नाही. तिला ओळखता येतात ते प्रथिनांसारखे मोठे रेणू. पण निकेल दोन गोष्टी करतं. ते आपल्याच प्रथिनांना चिकटून त्यांचं रूप बदलतं, आणि शिवाय धोक्याची घंटाही स्वतःच वाजवतं.

ही घंटा म्हणजे पेशींवरचा टीएलआर-४ नावाचा ग्राहक, म्हणजे बाहेरची खूण पकडणारं प्रथिन. एरवी तो जीवाणूंच्या आवरणाचे तुकडे ओळखून प्रतिकारयंत्रणा जागी करतो. २०१० साली जर्मन संशोधकांनी दाखवलं की माणसाच्या टीएलआर-४ मध्ये हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या दोन जागा अशा आहेत, जिथे निकेल थेट जाऊन बसतं. म्हणजे जीवाणू नसतानाच जीवाणू आल्याची वर्दी. उंदरांच्या टीएलआर-४ मध्ये त्या जागा नाहीत, म्हणून उंदराला सहजी निकेलची अॅलर्जी होत नाही. त्याच्यात माणसाचा ग्राहक घातला, तेव्हा झाली. नुसत्या उंदरांवर प्रयोग करून बसलो असतो तर ही गोष्ट कळलीच नसती.

एकदा वर्दी गेली की टी-पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शिपायांची, एक तुकडी निकेलची ओळख पटवून तयार होते. याला काही आठवडे लागू शकतात, कधी वर्षं, आणि तोवर बाहेर काहीच दिसत नाही. पुढच्या वेळी निकेल अंगाला लागलं की या पेशी त्या जागी गोळा होतात, पण त्यालाही एक ते तीन दिवस जातात. हा उशीर फार फसवा आहे. शनिवारच्या लग्नात हार घातलेला असतो, खाज सोमवारी येते आणि दोष पंगतीतल्या वांग्याच्या भाजीवर जातो.

म्हणूनच रक्ततपासणी इथे कामाची नाही. ‘अॅलर्जी पॅनेल’ या नावाने हजारो रुपये घेऊन होणाऱ्या तपासण्या बहुधा आयजीई नावाच्या प्रतिपिंडांवर चालतात, आणि निकेलच्या इसबात त्यांचा हात नसतो. खरी तपासणी पॅच टेस्टची. पाठीवर निकेल सल्फेटचं पाच टक्क्यांचं मलम छोट्या चकतीखाली दोन दिवस चिकटवून ठेवतात. चकती काढल्यावर एकदा बघतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. त्या वेळी तिथे लाल, उंचवट्याचा, बारीक फोडांचा डाग असेल तर निदान पक्कं. तेवढे दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, एवढाच काय तो जाच. ही अॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. ती घालवणारं औषध नाही. मलमाने चट्टा बसतो, पण टी-पेशी विसरत नाहीत.

युरोपातल्या पाहण्यांमध्ये दर शंभर बायकांमागे साधारण १० ते १५ जणींना ही अॅलर्जी सापडते, पुरुषांत शंभरात दोन-तीन जणांना. यात बायकांच्या कातडीचा दोष नाही. फरक कान टोचण्याचा आहे. ताज्या जखमेत बसवलेल्या निकेलच्या काडीला कातडीचा अडसरच उरत नाही, आयन थेट प्रतिकारपेशींच्या पुढ्यात येतात. सोनारानेच कान टोचावेत ही म्हण आपण दुसऱ्याच अर्थाने वापरतो, पण तान्ह्या बाळाच्या कानात बावीस कॅरेटची तार घालणारा तो सोनार या बाबतीत तंतोतंत बरोबर होता. त्या सोन्यातली भेसळ मुख्यत्वे तांब्या-चांदीची असते. दुकानात स्टूलवर बसवून बंदुकीने टोचतात तेव्हा आत जाणारी काडी कसली आहे, हे मात्र टोचणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

डेन्मार्कने याबद्दल १९९० मध्ये कायदाच केला. अंगाला सतत लागून राहणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला अर्ध्या मायक्रोग्रॅमहून जास्त निकेल सुटता कामा नये, असा तो नियम. वस्तूत निकेल किती आहे हे त्यात मोजत नाहीत. कृत्रिम घामात वस्तू आठवडाभर बुडवून बाहेर किती पडतं ते मोजतात, आणि हेच त्यातलं शहाणपण. युरोपीय संघाने १९९४ मध्ये हाच नियम उचलला आणि पुढे टोचलेल्या छिद्रात बसणाऱ्या काडीसाठी मर्यादा ०.२ मायक्रोग्रॅमवर आणली. नियमानंतर कान टोचलेल्या डॅनिश मुलींमध्ये अॅलर्जीचं प्रमाण स्पष्टपणे घटलं. याला जोडून एक गमतीदार निरीक्षण आहे. ज्या मुलांना कान टोचण्याआधी दातांना तारा बसवल्या होत्या, त्यांच्यात ही अॅलर्जी कमी आढळते. त्या तारांत वजनाने निम्म्याहून अधिक निकेल असू शकतं! तोंडावाटे थोडं थोडं आलेलं निकेल शरीर ‘आपलं’ म्हणून स्वीकारतं, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणून कुणी मुद्दाम तारा लावायला जाऊ नये, पण ओळख कुठल्या वाटेने झाली यावर किती अवलंबून असतं, ते यातून दिसतं.

आता आपला बाजार. वन ग्रॅम गोल्डचं मंगळसूत्र किंवा ठुशी आडवी कापली तर मधे पितळ दिसेल, त्यावर बहुतेकदा निकेलचा थर आणि त्यावर मायक्रोनभरही नसलेला सोन्याचा मुलामा. निकेल तिथे फसवणुकीसाठी घातलेलं नसतं. ते नसेल तर पितळेतलं तांबं हळूहळू वर येऊन सोनं काळवंडवतं, शिवाय चकाकीही निकेलमुळेच येते. नवा दागिना म्हणूनच त्रास देत नाही. मानेला घासून फाशाजवळचा मुलामा उडतो आणि खालचं निकेल घामाला भेटतं, तेव्हा खाज सुरू होते. ‘इतकी वर्षं घालतेय, मग आत्ताच कसं?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. जर्मन सिल्व्हर हे तर नावापुरतंच सिल्व्हर. त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, जस्त आणि साधारण पाचवा हिस्सा निकेल असतं. पूजेच्या ताम्हनाला ते चालेल, पायातल्या पैंजणाला नको. व्हाइट गोल्ड घेताना भेसळ निकेलची आहे की पॅलेडियमची, हे सराफाला सरळ विचारावं.

‘निकेल-फ्री’ अशा चिठ्ठीवर विसंबण्यापेक्षा डायमिथिल ग्लायऑक्झाइमची चाचणी बरी. कापसाच्या बोळ्यावर या द्रावणाचे आणि अमोनियाचे एक-दोन थेंब घ्यायचे, वस्तूवर अर्धा मिनिट घासायचं. बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. लोहचुंबकाने मात्र काही कळत नाही, कारण निकेल स्वतःच चुंबकाला चिकटतं, आणि निकेल असलेलं नेहमीचं स्टील चिकटत नाही.

या चुंबकावरून स्वयंपाकघरात येऊ. बऱ्या प्रतीचं भांड्यांचं स्टील १८-८ म्हणून ओळखलं जातं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. क्रोमियमचा अतिशय पातळ ऑक्साइडचा थर पृष्ठभागावर आपोआप तयार होतो आणि तोच निकेलला आत धरून ठेवतो. आंबट पदार्थ खूप वेळ उकळला तर थोडं निकेल सुटतं, हे खरं आहे. २०१३ साली ओरेगनमधल्या संशोधकांनी स्टीलमध्ये टोमॅटोचा सॉस सहा तास शिजवला, तेव्हा त्यातलं निकेल काही भांड्यांत २६ पटींपर्यंत वाढलं. घाबरवणाऱ्या मेसेजात एवढंच येतं. पण भांडं जसं वापरात मुरत गेलं तसं हे प्रमाण उतरलं आणि दहाव्या वेळी सव्वाशे ग्रॅम सॉसमागे सरासरी ८८ मायक्रोग्रॅमवर आलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये ठरवलेली रोजची चालण्याजोगी मर्यादा किलो वजनामागे १३ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७८०. आणि टोमॅटोचं सार आपल्याकडे कुणी सहा तास उकळत नाही. नव्या भांड्यात पहिल्या काही वेळा चिंच-कोकम टाळलं की पुरे.

पोटात जाणारं बहुतेक निकेल भांड्यातून येतच नाही, ते अन्नातच असतं. वनस्पतींना निकेल लागतं. युरियाचं विघटन करणाऱ्या युरीएज या विकराच्या (एन्झाइमच्या) केंद्रस्थानी तो धातू असतो, आणि बियांमध्ये त्याचा साठा होतो. हे विकर १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी जॅकबीनपासून, म्हणजे आपल्या अबईच्या सख्ख्या बहिणीपासून, स्फटिकरूपात वेगळं केलं. त्यात निकेल आहे हे कळायला मात्र १९७५ उजाडलं. म्हणून काजू, सोयाबीन, कोको, ओट्स, डाळी, चहा यांत निकेल भरपूर. मिश्र आहारातून रोज साधारण १०० ते ३०० मायक्रोग्रॅम जातं आणि धडधाकट माणसाला त्याने काही होत नाही. जेवणाबरोबर आलेल्या निकेलपैकी शेकडा एकाहूनही कमी रक्तात शिरतं, तेही मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात. उपाशीपोटी पाण्यातून आलं तर मात्र चौथा हिस्सा शोषला जातो. रात्रभर निकेलचा थर असलेल्या नळात साचलेलं पाणी सकाळी पिण्याआधी थोडं सोडून द्यावं, ही सूचना त्यामुळे रास्त आहे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे.

अपवाद आहे तो आधीच अॅलर्जी असलेल्यांचा, आणि त्यांच्यातल्याही थोड्यांचा. तळहातांवर, बोटांच्या कडांना साबुदाण्यासारखे पाण्याचे फोड वारंवार येतात, धातू बाजूला ठेवूनही थांबत नाहीत, अशांना डॉक्टर काही आठवडे कमी निकेलचा आहार देऊन बघतात. वरणभातावर वाढलेल्या घरात हे दिव्यच असतं, त्यामुळे मनाने डाळी सोडून प्रथिनं गमावू नयेत. त्यापेक्षा हिमोग्लोबिन बघावं. लोह आणि निकेल आतड्यातून एकाच वाहकाने आत येतात. लोह कमी असलं की शरीर तो दरवाजा सताड उघडतं, आणि निकेलही जास्त शिरतं.

एकदम खूप पोटात गेलं तर काय, याचा अनुभवही नोंदलेला आहे. अमेरिकेतल्या एका प्लेटिंग कारखान्यात पिण्याच्या पाण्यात निकेलचे क्षार मिसळले आणि ३२ कामगारांनी ते पाणी प्यायलं. १९८८ मध्ये छापलेल्या अहवालानुसार त्यांतल्या २० जणांना उलट्या, जुलाब, डोकेदुखी, धाप असा त्रास झाला, दहा जणांना इस्पितळात ठेवावं लागलं, आणि सगळे बरे झाले. पण निकेल सल्फेटचे हिरवे खडे खाल्लेलं अडीच वर्षांचं मूल वाचलं नाही, अशीही नोंद आहे. घरात किंवा घराला लागून मुलाम्याचं काम चालत असेल तर ते खडे मुलांच्या हाती लागतील असे ठेवू नयेत.

श्वासावाटे येणाऱ्या निकेलची गोष्ट या सगळ्याहून गंभीर आहे, आणि ती वेल्समध्ये सुरू होते. लुडविग माँड यांनी १८९० मध्ये शोधलं की अशुद्ध निकेलवरून कोमट तापमानाला कार्बन मोनॉक्साइड सोडला तर निकेल कार्बोनिल नावाचं बाष्प तयार होतं, आणि ते अधिक तापवलं की शुद्ध निकेल खाली बसतं. या पद्धतीचा कारखाना १९०२ मध्ये स्वान्झीजवळ क्लायडॅक गावी सुरू झाला. तीसेक वर्षांनी ब्रिटिश कारखाना-निरीक्षकांच्या अहवालात तिथल्या दहा कामगारांना नाकाचा कर्करोग झाल्याची नोंद आली. हा एरवी इतका दुर्मीळ आजार की एका कारखान्यात दहा म्हणजे योगायोग म्हणताच येईना. पहिला संशय साहजिकच कार्बोनिलवर गेला. ते आहेच भयंकर. हुंगल्यावर थोडी डोकेदुखी होते, माणूस सावरतो, घरी जातो, आणि बारा ते छत्तीस तासांनी फुप्फुसं सुजून जिवावर बेततं. पण कर्करोगाचे रुग्ण कार्बोनिलच्या विभागापुरते नव्हते. ते मुख्यत्वे भट्ट्यांच्या धुळीत काम करणारे होते. निकेलचे ऑक्साइड, सल्फाइड आणि विरघळणारे क्षार यांची ती धूळ.

धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणाऱ्यांपैकी एक असलेले रिचर्ड डॉल यांनी या कामगारांचाही माग काढला. १९७० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलेले आकडे असे: १९२५ पूर्वी कामाला लागलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेच्या पाच ते दहा पट, नाकाच्या कर्करोगाचे शंभर ते नऊशे पट. नंतर लागलेल्यांमध्ये नाकाच्या कर्करोगाचा हा धोका जवळजवळ नाहीसा झाला. मधल्या काळात प्रक्रिया बदलली होती, धूळ कमी झाली होती. कारण नेमकं कळण्याआधीच धूळ आवरली आणि माणसं वाचली.

असं का होतं, तर निकेलचे न विरघळणारे बारीक कण फुप्फुसातल्या पेशी गिळतात. पेशीच्या आत ते विरघळतात आणि आयन थेट केंद्रकापर्यंत पोचतात. निकेल तिथे डीएनए फारसा तोडत नाही. काही विकरांमधल्या लोहाची जागा ते अडवतं, त्यामुळे पेशीला आपण प्राणवायूविना आहोत असं भासतं, आणि वाढीला लगाम घालणारी काही जनुकं गप्प होतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये निकेलची संयुगं मानवात कर्करोग करणारी म्हणून पहिल्या गटात टाकली. धातुरूपातलं निकेल मात्र ‘शक्यता आहे’ एवढ्याच गटात ठेवलं. कढई आणि भट्टी यांतला फरक एवढ्या एका वर्गवारीत आहे.

महाराष्ट्रात अशा भट्ट्या नाहीत. गोव्यात कुंकळ्ळीला निकेलचं उत्पादन होतं. मालाडच्या इमिटेशन ज्वेलरीच्या गल्ल्यांत, पुण्या-कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत मात्र निकेल आहे ते प्लेटिंगच्या टाक्यांत आणि वेल्डिंगच्या धुरात. प्लेटिंगची टाकी म्हणजे निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक आम्लाचं पन्नासेक अंशांवर ठेवलेलं गर्द हिरवं पाणी. वीजप्रवाह सुरू झाला की बुडबुडे फुटतात आणि त्यांबरोबर क्षारांचे न दिसणारे तुषार टाकीवर वाकलेल्या माणसाच्या नाकाशी येतात. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगमध्ये निकेलबरोबर सहा संयुजेचं, म्हणजे विषारी रूपातलं, क्रोमियमही धुरात असतं. वेल्डिंगचा धूर २०१७ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवू शकत नाही. टाकीच्या काठाला किंवा वेल्डिंगच्या टोकाशी धूर ओढून घेणारा पंखा हवा, आणि तो नसेल तिथे निदान कणरोधक मास्क. छताचा पंखा उलट ते तुषार गाळाभर पसरवतो. अमेरिकेत हवेतल्या निकेलची कायदेशीर मर्यादा अजूनही घनमीटरमागे १ मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये ती नाकातोंडातून आत जाणाऱ्या धुळीसाठी ०.०५ वर आणायचं ठरवलं. वीसपट फरक, आणि माणसाची फुप्फुसं दोन्हीकडे सारखीच.

अशा गाळ्यात काम करणाऱ्याने डॉक्टरकडे जाताना आपण काय काम करतो हे आधी सांगावं, कारण विचारलं जातंच असं नाही. वास कमी येणं, नाकात खपल्या धरणं, नाकातून वारंवार रक्त येणं, बोटांच्या बेचक्यांत इसब, नव्याने लागलेली धाप, यांतलं काही असेल तर नाक आतून तपासून घ्यावं. अंगात किती निकेल जातंय ते लघवीतून मोजता येतं. नमुना आठवड्याच्या शेवटच्या पाळीनंतर द्यायचा, कारण विरघळणारे क्षार एक-दोन दिवसांत बरेचसे निघून जातात आणि सुट्टीनंतरच्या सोमवारी सकाळी दिलेला नमुना फसवा कमी आकडा दाखवतो.